बसकी आरास

रेडीच्या खाणीवरच्या साहेबांच्या बंगल्यात बाईसाहेबांनी फुलांचा उंच गुच्छ बाजूला सारला. "सुगंधा, पाहुण्यांना एकमेकांची तोंडं दिसायला नकोत? टेबलासाठी काहीतरी बसकं कर."

"करतंय, बाई."

तिने परातीत खाणीतला लाल दगड ठेवला, भोवती अबोली पसरली आणि दगडावर पांढऱ्या जास्वंदीच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. देवळात गुरव कौल लावतो तशाच. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तीन महिन्यांमागे तिचा नवरा बाबली खनिज वाहणाऱ्या बार्जवरून नाहीसा झाला होता. "गोवा आता पोर्तुगीजांकडून मोकळा झालाय, पळाला असेल तिकडे दारू ढोसायला," म्हणत साहेबांनी तिला उपकार केल्यासारखं भांडी घासायला ठेवून घेतलं. कुंकू पुसायचं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

पाहुणे जेवायला बसले आणि उजवी पाकळी गळली. साहेब मूळचे सावंतवाडीचे, पण मालवणी बोलायची त्यांना लाज. त्यांनी घास खाली ठेवला, पाकळी उचलून पुन्हा चिकटवली. ती पुन्हा गळली.

साहेब ताडकन उठून ओरडले, "मी त्येका ढकलूक नाय! तो आपणच पडलो!"

दारात उभ्या सुगंधाने अजून काही विचारलंच नव्हतं.