मामाची खुर्ची

मामा बसल्याशिवाय पहिलं ताट वाढायचं नाही, ही तैवानमधल्या तौलिऊ गावची लग्नातली रीत. आचारी दोनदा विचारून गेला. नवऱ्यामुलाची आई शिऊ-चिन दोन्ही वेळा म्हणाली, "थांबा जरा. दादा येईल."

दादा, म्हणजे ता-मू, मांडवाबाहेर आपल्या टेम्पोत बसून होता. सगळ्यांना दिसत होता. भाचा पो-यू एका मुलासोबत राहतो हे कळल्यापासून त्याने बोलणंच टाकलं होतं. आता आत यावं की घरी जावं, हे त्याचं त्यालाही ठरवता येत नसावं.

तेवढ्यात खासदार ल्याओ आले. निवडणूक जवळ आली की यांना आमंत्रण लागत नाही. असली लग्नं झाली तर पितरांना उदबत्ती लावायला कुणी उरणार नाही, असं या लग्नांवरच्या सार्वमताच्या वेळी चौकाचौकात ओरडणारे हेच ते गृहस्थ. मग राजधानी तैपेईत या लग्नांना मान्यता देणारा कायदा झाला, तरुणांची मतं दिसायला लागली आणि स्वारीला एकदम प्रेमाचा उमाळा आला. पो-यू आणि त्याचा जोडीदार चुन-वेई, दोघांच्या गळ्यात हात टाकून त्यांनी फोटो काढून घेतले. "मी तर पहिल्यापासून यांच्या बाजूने," असं माइकवर सांगितलं, आणि मुख्य टेबलाची एकमेव रिकामी खुर्ची ओढून बसले.

बाहेर टेम्पोचं दार आपटलं. ता-मू सरळ त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

ल्याओंनी पेला उंचावला. "या, ता-मूदादा. अजून जुन्यातच अडकलात का? जग कुठे चाललंय बघा."

"चौकात बोर्ड धरून तुम्हीच उभं केलं होतंत मला."

"अहो, ते तेव्हाचं पक्षाचं धोरण होतं."

"मला वाटलं, तुम्ही मनापासून बोलताय," ता-मू म्हणाला. "म्हणून मी बहिणीच्या पोराचं तोंड पाहिलं नाही."

ल्याओ हसले. एकटेच.

"उठा. ही मामाची खुर्ची आहे."

ल्याओ पेला घेऊन उठले. शेजारच्या टेबलांकडे त्यांनी आशेने पाहिलं. कुणी सरकलं नाही. मग घड्याळ बघून ते पुढच्या मांडवाकडे निघाले.

शिऊ-चिनने डोळे पुसत आचाऱ्याला खूण केली. ताट आलं.

"मला हे अजून पटलेलं नाही," ता-मू भाच्याला म्हणाला, आणि पहिला झिंगा त्याने चुन-वेईच्या वाडग्यात वाढला.