हिरवा दिवा

दुपार झाली तरी दिवा हिरवाच होता, आणि तरीही त्याच्याकडे सारखं बघितल्याशिवाय ग्लेनिस प्रिचर्डला चैन पडेना. चार भांडी पुसली की ती ओट्यापाशी यायची, खिडकीत ठेवलेल्या चिमुकल्या स्क्रीनवरच्या दिव्याकडे बघायची, आणि परत भांड्यांकडे वळायची. विजेचा स्मार्ट मीटर बसवणाऱ्याने जाताना तो स्क्रीन फुकट दिला होता. वीज कमी लागली की हिरवा, जास्त लागली की पिवळा, फारच झाली की लाल. देणाऱ्याचं काय गेलं? झोप हिची गेली.

त्या मेल्या दिव्यापायी तिने अर्धं घर बंद करून ठेवलं होतं. तव्यावरचे वेल्श केक सोडले, हीटर सोडला, स्वेटरवर स्वेटर चढवले. तरी दिवा पिवळाच. कारण बैठकीत नवऱ्याचं, इद्रिसचं, प्राणवायूचं यंत्र दिवसभर घुरघुरत असे. वेल्समधल्या त्या खाणींच्या दरीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखी त्याचीही फुप्फुसं कोळशाच्या खाणीने खाल्ली होती. नाकात नळी घालून तो खुर्चीत बसून राही. त्या यंत्राच्या विजेचे पैसे परत मिळत. पण ते दिव्याला कोण सांगणार, आणि दिवा पिवळा झाला की ग्लेनिसला तरी कोण सांगणार? ती आपली घरभर फिरत राही, हे बटण बघ, ते बटण बघ.

शेवटी शेजारची मेनिर म्हणाली, "जुन्या कंपनीला काय चिकटून बसलीस? नवरा आहे का तो? बदलून टाक." आणि तिनेच फोनवरून ग्लेनिसचं नाव नव्या, स्वस्त कंपनीत घातलं.

त्याच आठवड्यात दिवा हिरवा झाला. ग्लेनिस हरखली. आता ती रेडिओबरोबर गुणगुणू लागली. "चहा आणतेय रे," अशी स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, सपाता फटफटवत बैठकीत यायची, आणि इद्रिसशेजारी टेकून पत्त्यांचा एखादा डाव खेळायची. त्याचे ओठ हल्ली जांभळे दिसत. घशासाठी तो जांभळ्या गोळ्या चघळायचा. "किती खाशील रे त्या, लहान मुलासारख्या?" ती रागवायची. तो नुसता हसायचा.

त्या दुपारी फोन वाजला. नीट ऐकू यावं म्हणून ग्लेनिसने रेडिओ बंद केला. नव्या कंपनीतली मुलगी बोलत होती.

"माफ करा, मिसेस प्रिचर्ड. मीटरचा नंबर चुकलाय, म्हणून तुमचं काम अडकलं. तुम्ही अजून जुन्याच कंपनीकडे आहात."

"काहीतरीच काय. इथे दिवा हिरवा झालाय की."

मुलगी हसली. "अहो, कंपनी बदलून दिव्याचा रंग नाही बदलत. घरात किती वीज चालू आहे, तेवढंच तो दाखवतो. तुम्हीच काहीतरी बंद केलं असणार."

"मी? माझ्याकडे आता बंद करायला उरलंय काय..."

ती बोलता बोलता थांबली. रेडिओ बंद होता, आणि घरात कसलाच आवाज नव्हता. साधी घुरघुरसुद्धा नाही. फोन तसाच ओट्यावर टाकून, हाक न मारता, ती बैठकीकडे धावली.

इद्रिस खुर्चीत होता. नळी नाकात होती. सपातांचा आवाज ऐकून त्याने रोजच्यासारखा यंत्राच्या बटणाकडे हात नेला होता, पण आज आधी हाक न आल्याने तो वेळेत पोचला नव्हता. गोळ्यांची डबी खिडकीत न उघडलेली पडून होती, आणि ओठ मात्र जांभळेच होते.

तिने बटण दाबलं. यंत्र घुरघुरायला लागलं. मागे स्वयंपाकघरात दिवा पिवळा झाला असणार. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली. "रोज हेच करत होतास? अरे, याचे पैसे परत मिळतात, माहीत आहे ना तुला?"

त्याने दोन-तीन खोल श्वास घेतले. मग त्याने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हाताने थोपटलं.

"पैशांसाठी नाही गं, पोरी," तो म्हणाला. "दिवा हिरवा असला की तू येऊन बसतेस."