खंड्याचे डोळे

साहेब, खंड्याचे डोळे तुम्ही घालवलेत. थेंब मी घातले, ते नाकारत नाही. पण कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांचं प्रशिक्षण सांगलीला होतं, तेव्हा माझा अर्ज परत फेकून तुम्हीच म्हणालात, "म्हशी बघा डॉक्टर! कुत्र्याला काय चष्मा लावायचाय?"

यंदा, शहाण्णव साली, रजा टाकून माझा मीच गेलो. पहिल्याच तासाला कळलं, बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइडचे थेंब घालायचे नसतात. मी आठवडाभर तेच घातले होते.

परत आल्यावर विजयमालाकाकूंना खरं काय ते सांगून टाकलं. त्यांचा मुलगा जयराज फौजेत आहे, दोन वर्षं सुट्टी नाही. खंड्या हे त्याचंच कुत्रं, एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसतं, अजूनही.

काकू म्हणाल्या, "जाऊ द्या. मोकळी गाडी त्येला तरी दिसत न्हाई. मला रोज दिसती."

मग त्यांनी कोरं आंतर्देशीय पत्र माझ्यापुढं सरकवलं. "मी उतरलो की खंड्या लांबनंच बघून पळत येईल न्हवं, आसं इचारलंय जयराजनं. तुमीच लिवा."

साहेब, काय लिहू? लेखी कळवा.