केकवरची बोटखूण

"या केकात कुणीतरी बोट खुपसलंय," नोरीन म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

मंडपात हशा पिकला. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या तिच्या गावच्या मेळ्यात केकची परीक्षा सगळ्यांदेखत व्हायची आणि परीक्षक नोरीनच असायची; कोणता केक कुणाचा, हे तेवढं तिला ठाऊक नसायचं. टेबलासमोर बांधलेल्या दोरीपलीकडे, प्रेक्षकांत, तिचा नवरा क्लाइव्ह बसला होता. त्याला आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळे.

खोकला थांबेना. तिच्या फुप्फुसांत जंतूंनी ठाण मांडलं होतं. क्षयाचे नव्हेत, पण त्यांच्याच जातकुळीतले, चिवट. "वाट बघता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण फुप्फुसावरचा डाग वाढतोय. मी तर औषधं घ्या म्हणेन. दीड वर्ष, रोज. त्यातल्या एकाचा क्वचित नजरेवर परिणाम होतो, म्हणून डोळे तपासत राहू." सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

नोरीनचं उत्तर ठरलेलं होतं. "आपल्या दोघांत मिळून डोळ्यांची एकच जोडी आहे. ती मी जुगारात लावणार नाही," तिने घरी ठणकावलं होतं. क्लाइव्हने वाद घातला नाही. उलट तो शेजारच्या ब्रेन्डाकडे तास न् तास जाऊन बसू लागला. इथे माझा जीव जातोय आणि याला गप्पा सुचतायत, असं नोरीनला वाटे.

तिने केक कापला. मनुका तळाशी बसलेल्या नव्हत्या. कुठे करपलेला नाही, कुठे कच्चा नाही. ती तुकडा चघळत राहिली.

"हात चांगला आहे. पण भाजला की नाही ते सळई घालून बघायचं सोडून बोटाने दाबतात का? तिसरा नंबर."

"दिसत असतं तर बघितलं असतं की!" दोरीपलीकडून क्लाइव्ह ओरडला.

साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मी ओव्हनला हातसुद्धा लावला नाही हं," त्याच्या बाजूला बसलेली ब्रेन्डा म्हणाली. "सगळं वासावर आणि बोटांवर केलंय त्याने."

"डोळ्यांवाचून केक जमला, तसं घरही जमेल," क्लाइव्ह म्हणाला. "तुझ्यावाचून नाही जमायचं, नोरीन. घे ती औषधं."

नोरीनचे डोळे भरून आले. असा माणूस आपल्या वाट्याला आला, याबद्दल तिने मनोमन देवाचे आभार मानले. मग तिने नाक पुसलं आणि तिसऱ्या नंबरची फीत केकला लावली.

"गुण वाढवून मिळणार नाहीत," ती म्हणाली. "औषधं संपतील तेव्हाही इथे परीक्षक मीच असणार आहे. तोवर सळई घालायला शीक."