घरातलं रक्त

त्र्याण्णव साली घोडेगावच्या बाजारात रंगनाथरावांना एक गाभण कालवड पसंत पडली. पण ती विकणाऱ्याच्या घरच्याच वळूपासून, म्हणजे तिच्या सख्ख्या मावशीच्या गोऱ्ह्यापासून गाभण आहे हे कळताच त्यांनी सौदा मोडला.

घरी येऊन हसत बसले, "अडाणी लेकाचे! घरातल्या घरात लावलं की वासरू लुळंपांगळं निघतं, एवढं बी न्हाई कळत."

मग लेकीच्या हातावर पेढा ठेवला. "वृषे, येताना तुझ्या आत्याकडं थांबलो. तिच्या सचिनशी तुझं पक्कं केलं. घरातलं रक्त घरातच राह्यलं!"

वृषालीनं पेढा पुड्यात परत ठेवला.



"आबा, माझं बी घोडेगावच्या बाजारातच जमवा की. तितं तरी तुमी रक्त बघता."