भिंतीकडे तोंड

संध्याकाळी पावणेसहाला खेळाच्या साहित्याच्या खोलीचं दार आतून बंद झालं. कडी कॅप्टनने लावली. आत शाळेच्या मुलींचा हँडबॉल संघ होता, तासाभरापूर्वी एका गोलने हरलेला.

खोली लांबट. एका बाजूला गाद्यांची चळत, दुसरीकडे अडथळ्यांच्या शर्यतीच्या चौकटी, मागे कोरी भिंत, अलीकडे फरशीवर खडूची रेघ. संघाचा एक रिवाज होता. जिच्यामुळे सामना गेला तिने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी रेघेवरून एकेकीने तिच्या पाठीवर चेंडू मारायचा. सामन्याचाच चेंडू, एकच, हातोहात फिरणारा. सुरुवात सगळ्यात लहान मुलीने करायची, शेवट कॅप्टनने. जी मारणार नाही तिनेही जाऊन भिंतीशी उभं राहायचं. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. आताच्या कॅप्टननेही सातवीत असताना पाठीवर खाल्ले होते. त्याने म्हणे संघात एकी राहते.

डावरी रांगेत शेवटून दुसरी होती. सगळं डाव्या हाताने करायची म्हणून डावरी. खेळायचीही डाव्या विंगला. मागच्या महिन्यात पेनल्टी हुकवल्याबद्दल तीही त्या भिंतीशी उभी राहिली होती, डोळे घट्ट मिटून. खांद्याखालचा काळानिळा डाग आईच्या नजरेस पडू नये म्हणून नंतर कित्येक दिवस तिने दार लावून कपडे बदलले. आज आपण मारायचं की नाही, हे ठरवायला तिच्यापाशी पुढच्या चौघी मारून होईपर्यंतच वेळ होता.

आज भिंतीशी जायची पाळी गोलकीपरची होती. शेवटच्या मिनिटाचा गोल तिच्या दोन पायांमधून गेला होता. नववीतली, याच वर्षी शाळेत आलेली, हाडापेराने भक्कम, बोलायला कमी. सांगितल्यावर ती मुकाट्याने भिंतीपर्यंत गेली. मग वळली. पाय फाकवून गुडघ्यात जराशी वाकली आणि दोन्ही हात वर केले.

"भिंतीकडे तोंड," कॅप्टन म्हणाली.

"चेंडूकडे पाठ करून नाही जमत मला," गोलकीपर म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही. आपल्याला पोहता येत नाही, असं कुणी सांगावं तसं.

दोघी-तिघी फिसकन हसल्या. राहू दे, एक तोंडावर बसला की आपोआप वळेल, असं म्हणत कॅप्टनने चेंडू सगळ्यात लहान मुलीकडे दिला. तिला सगळ्या बुटकी म्हणत. बुटकीने तो देवाला फूल वाहावं तसा टाकला. गोलकीपरने तो तळहाताने खाली दाबून परत लोटला. दुसरीने जोर लावला. तो गुडघ्यावर अडला. तिसरीचा नेमच चुकला, चेंडू भिंतीवर आपटून परत आला.

पाठीवर मारणं किती सोपं असतं, हे डावरीला आज कळलं. इथे प्रत्येकीला आधी समोरच्या चेहऱ्याकडे बघावं लागत होतं. गोलकीपर मात्र कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती चेंडूवर नजर ठेवून होती.

चौथी संघातली सगळ्यात दणकट. तिने हात पार मागे नेऊन मारला. चेंडू तोंडावर बसला, डोकं भिंतीवर आपटलं, खालचा ओठ फाटला. "आई गं," कुणीतरी म्हणालं. आवाज रेघेच्या अलीकडून आला होता.

चेंडू गोलकीपरच्या पायाशी पडला. तिने तो उचलला आणि मान वर न करता डावीकडे फेकला. सामन्यात अडवलेला चेंडू ती तसाच फेकायची, धावत सुटलेल्या डाव्या विंगकडे. डावरीनेही तो सवयीने झेलला. एवढंच काय, पळायला जागा नसताना तिचा पायही पुढे पडला. दोघींची नजरानजर झाली आणि फाटक्या ओठाने गोलकीपरला हसू आलं.

"सॉरी," ती म्हणाली. "हात आपोआप गेला."

रांगेत खसखस पिकली. कॅप्टनने वळून पाहताच विरली.

तुझीच पाळी आहे, असं कॅप्टनने डावरीला सांगितलं; मार, नाहीतर जा तिथे. डावरीच्या अंगठ्याखाली चेंडू ओला लागत होता.

गोलकीपरने बाहीने ओठ पुसला, डोक्याला मागून हात लावून पाहिला आणि पुन्हा गुडघ्यात वाकून हात वर केले.

"मार गं तू," ती म्हणाली. "बिनधास्त मार. मी अडवते."

डावरीच्या मनात आलं, मार ही खातेय आणि सोडवतेय आपल्याला. त्या भिंतीशी स्वतः उभी असताना डावरीला दुसऱ्या कुणाचं नावही आठवलं नसतं.

तिने चेंडू काखेत घेतला, रेघ ओलांडली आणि गोलकीपरच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तोंड रांगेकडे करून.

"बरं," कॅप्टन म्हणाली. "चेंडू दे इकडे."

डावरीने दिला नाही. जी मारणार नाही तिने भिंतीशी जायचं, एवढंच ठरलेलं होतं. ती जाताना चेंडू घेऊन गेली तर काय करायचं, हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कॅप्टनने दणकट मुलीकडे पाहिलं. दणकट मुलगी स्वतःच्या हाताकडे पाहत होती. दुसऱ्यांदा मागताना कॅप्टनचा आवाज जरासा फुटला. तरीही रांगेतून कोणी हललं नाही.

"ये आणि घे," डावरी म्हणाली.

बाहेरून सरांनी दार वाजवलं. बस केव्हाची थांबलीय, आत चाललंय काय, असं विचारलं. मग कडी खडखडवली. कॅप्टन रेघेवरच होती, रिकाम्या हातांनी.