रुद्राणीचं चालणं

रत्नम्माने चोवीस चित्रांची ती थप्पी दस्तगीरकडून चौथ्यांदा अंगठ्याखालून सरसर फिरवून घेतली आणि हळूच म्हणाली, "चालणं तिचंच हाय, दस्तगीरभाई. पण ती येईना की."

दस्तगीरचा अंगठा कागदावर तसाच राहिला. चाळीस वर्षं त्याने मुंबईत हाताने चित्रं काढून ती सिनेमात चालवली होती. ससे, कावळे, दात घासणारा राजा, पाळणा लांबवणारं जोडपं, सगळे त्याच्या पेन्सिलीच्या जिवावर चालले. पण असा शेरा कुठल्या दिग्दर्शकाने मारला नव्हता. संगणक आले, चित्रांची मेजं उचलली गेली आणि तो आपल्या मुलखात परतला. आता लातूरच्या एका क्लासच्या नोट्ससाठी तो बेडकाची आतडी काढायचा आणि दोन्ही वेळा रत्नम्माच्या खानावळीत जेवायचा. त्याला बीपी आहे हे कळल्यापासून ती त्याची भाजी कमी मिठाची, वेगळी काढून ठेवायची. त्याने कधी सांगितलं नव्हतं. आभार मानायला गेलं, की ती आणखी एक भाकरी वाढून त्याचं तोंड बंद करायची.

म्हणूनच गेल्या महिन्यात तिने शाळेतला एक फोटो पुढे केला, तेव्हा त्याला नाही म्हणवलं नाही. पोरांच्या घोळक्यात हरभऱ्याएवढा एक चेहरा. ही तिची लेक, रुद्राणी. भूकंपात घराखाली गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. असती तर आता क्लासच्या मुलींबरोबर याच पंक्तीला बसली असती.

"चेहरा फोटोत हाय," रत्नम्मा तेव्हा म्हणाली होती. "चालायची कशी, ते फोटोत न्हाई. आठ वर्षं झाली, भाई. आता माझ्या ध्यानातून जायलंय. तेवढं राहिलं पायजे."

मग तिने सांगायचं आणि त्याने काढायचं, असं महिनाभर चाललं. दप्तराचा पट्टा कपाळाला अडकवून यायची. डावा पाय जरा आत. चार पावलं चालली, की एक उडी. एकदा तर रत्नम्मा पिठाचे हात वर धरून चुलीपासून दारापर्यंत तशी चालून आली होती, आणि दोघंही पोट धरून हसली होती.

"येईना म्हणजे काय, ताई?"

"म्हणजे पाय हालायलेत, उडी मारायली, समदं बरोबर. पण हाय तिथंच हाय. एवढं चालून पोरगी घरी पोचंना."

दस्तगीरने कपाळाला हात लावला. ही धंद्यातली खोड होती. सिनेमात चित्राला जागच्या जागी चालवायचं आणि मागची झाडं-घरं कॅमेऱ्याखाली उलट सरकवायची. बघणाऱ्याला वाटतं, गडी निघाला. तीच पावलं पुन्हा पुन्हा वापरता येतात, कागद वाचतात. हात आपोआप तसाच वळला होता. पण इथे मागून सरकवायला गल्ली नव्हती. ती गल्ली आता कुठेच नव्हती.

"कुठून यायची?" त्याने विचारलं.

"मठाच्या कोपऱ्यावरून. मी दारात बसलेली ऱ्हायची, जोंधळे निवडत."

"लांबून दिसायची?"

"हाव. आधी उडी दिसायची. मग ती."

त्याने नवे कागद घेतले. खालून उजेड देणारी मुंबईची काच इथे नव्हती, म्हणून तो खिडकीच्या तावदानावर कागदावर कागद धरून उभ्यानेच काढायला लागला. पहिल्या कागदावर रुद्राणी मठाच्या कोपऱ्याशी मुंगीएवढी. दुसऱ्यावर तिळभर मोठी. मग आणखी थोडी. प्रत्येक कागदावर ती जरा जवळ येत होती. पाच वाजून गेले, बोटं भरून आली, पण उजेड जायच्या आत पुरं करायचं होतं. रत्नम्मा मेथीची परात मांडीवर घेऊन बसली होती. मेथी निवडून कधीच झाली होती. चाळीस मुलींचा स्वयंपाक राहिला होता, आणि चूल अजून पेटलेली नव्हती.

दस्तगीरने एकदा मागे वळून तिच्याकडे पाहिलं. सिनेमात त्याचं नाव अगदी शेवटी यायचं, लोक खुर्चीखाली चपला शोधत असताना. त्याच्या चित्रासाठी कुणी हातातलं काम टाकून बसलंय, असं आयुष्यात घडलं नव्हतं. त्याला भरून आलं. बरं झालं हा हात शिकलो, त्याला वाटलं. बरं झालं या बाईच्या दारी जेवायला आलो.

"शुकर है," तो पुटपुटला आणि शेवटचा कागद घेतला.

उन्हं उतरता उतरता तो सतरंजीवर तिच्यासमोर येऊन बसला. थप्पी नीट ठोकून सारखी केली, तिच्या डोळ्यांसमोर धरली आणि अंगठा सैल सोडला.

कोपऱ्यावर उडी दिसली. मग ती दिसली. पट्टा कपाळाला, डावा पाय आत, चार पावलं, परत उडी. मोठी होत, धापा टाकत ती पार पुढे आली, आणि शेवटच्या कागदावर नुसता तिचा चेहरा, काहीतरी सांगायला तोंड उघडलेला.

रत्नम्माने मांडीवरची परात खाली ठेवली आणि सतरंजीवर जराशी बाजूला सरकली, नऊ वर्षांच्या पोरीला शेजारी बसता येईल एवढी.